ओल्या हाताची चाचणी

आमच्या ऑफिसात किळस येण्याचा मान एकट्या अण्णांचा. बाकीचे आम्ही चिडायचो, वैतागायचो, कंटाळायचो. अण्णांना सरळ किळस यायची. जेवताना ताटात केस निघावा तसं तोंड करून ते खुर्ची मागे ढकलायचे आणि म्हणायचे, "छे!" आमच्या सांगलीकडे छे म्हणजे नुसता नकार. हा कन्नड मुलखातला छे होता, घशाच्या तळातून येणारा, आणि त्यानंतर समोरच्याला हात धुवावेसे वाटत. कुठून तरी उचलून चिकटवलेला कोड, झाकून ठेवलेली चूक, चार वर्षं झळकणारी 'लवकरच येत आहे' ही पाटी, यातलं काहीही त्यांना पुरायचं. बेंगळुरात, महादेवपुऱ्यातल्या आमच्या त्या काचेच्या इमारतीत नवीन आलेला माणूस हा आवाज पहिल्यांदा ऐकून आधी कॅन्टीनच्या सांबाराची चौकशी करायचा.

अण्णांचे पूर्वज कुठल्याशा फौजेबरोबर बेंगळुरात आले आणि परत जायचं विसरले, एवढंच त्यांना ठाऊक होतं. त्याला तीन-साडेतीनशे वर्षं झाली असतील. घर जयनगरात, धाकट्या भावाचं तिथल्याच बाजारात स्टीलच्या भांड्यांचं दुकान, आणि घरात मराठी. ती मराठी मी सांगलीहून नवीन आलो तेव्हा ऐकली आणि मला हसू आवरेना. "मरी, स्वल्प सरक की तिकडे," असं ते म्हणाले. मरी म्हणजे बाळा, आणि स्वल्प म्हणजे जरा. मी म्हटलं, "अण्णा, ॲक्च्युअली मी थोडा कन्फ्यूज झालो." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आमची मराठी कन्नडात भिजली रे," ते म्हणाले, "तुमची इंग्रजीत बुडाली. कोण कुणाला हसतंय?" त्या दिवसापासून मी त्यांच्या शेजारी बसू लागलो.

आमची कंपनी मोठमोठ्या वसाहतींच्या पाण्याचं सॉफ्टवेअर करायची. जमिनीखालचे हौद, ज्यांना तिथे संप म्हणतात, बोअरवेल, गच्चीवरच्या टाक्या, त्यांना जोडणारे पाइप आणि पाइपांवरचे मोटरने उघडणारे व्हॉल्व्ह, हे सगळं एका टॅब्लेटवर चौकोन आणि रेषांच्या रूपात दिसायचं. चौकोनावर बोट ठेवलं की खाली खरा व्हॉल्व्ह उघडायचा किंवा मिटायचा. असे चौकोन आणि रेषा काढायचा कोड कुणी स्वतः लिहीत बसत नाही. तो जगात कुणी ना कुणी आधीच लिहून ठेवलेला असतो आणि त्या आयत्या संचाला लायब्ररी म्हणतात. आमची जुनी लायब्ररी दोनशे चौकोन झाले की धापा टाकायची. नवी निवडायचं काम अण्णांकडे आलं आणि त्यांच्या हाताखाली मला दिलं.

मला वाटलं, दोन दिवसांचं काम. चार नावं शोधायची, कुणाला किती स्टार मिळालेत ते बघायचं, एक तक्ता करायचा. तो तक्ता अण्णांनी दोन बोटांत धरून बाजूला ठेवला. "लायब्ररी म्हणजे घरजावई रे," ते म्हणाले. "आणायला एक दिवस लागतो. घालवायचा म्हटलं तर घर मोडायला लागतंय." मग त्यांनी मला स्टार सोडून तक्रारी वाचायला बसवलं. प्रत्येक लायब्ररीच्या पानावर वापरणाऱ्यांच्या तक्रारींची यादी असते; त्यातली सर्वांत जुनी, सर्वांत केविलवाणी तक्रार शोधायची आणि तिला मालकाने काय उत्तर दिलंय ते बघायचं. एका ठिकाणी कुणीतरी विचारलं होतं की चौकोनात कन्नड अक्षरं लिहिली की ती खालून कापली जातात, काय करू? मालकाचं उत्तर होतं, मग इंग्रजी लिहा. अण्णांचा छे त्या दिवशी लिफ्टपर्यंत ऐकू गेला आणि ती लायब्ररी यादीतून गेली.

शेवटी तीन उरल्या. अण्णांनी त्यांना नावं ठेवली. एक पोरकी, कारण तिचा लिहिणारा दोन वर्षांपासून कुणालाच उत्तर देत नव्हता. एक म्हातारी, दिसायला ओबडधोबड, रंग सरकारी फाइलीचे, पण हजार चौकोन टाकले तरी जागची हलत नव्हती. तिसरी नटवी. नटवीचे चौकोन झोके घेत यायचे, रेषा लवायच्या, एकाला धक्का लागला की शेजारचे लाजून सरकायचे आणि पुन्हा आपापली जागा शोधायचे. आम्हा सगळ्यांना ती आवडली होती, मलाही. अण्णा तिच्याकडे बघत बसले. "पाइप जमिनीत पुरलेला असतो," ते म्हणाले. "तो सरकून जागा देतो काय? मग ही का हलतीय?"

त्यांची खरी परीक्षा मात्र निराळीच होती. भावाच्या दुकानातून आणलेली एक स्टीलची वाटी त्यांच्या टेबलावर पाणी भरून ठेवलेली असे. आमच्याकडे होते त्यातला सर्वांत स्वस्त टॅब्लेट ते समोर घ्यायचे, बोटं वाटीत बुडवायची आणि तशीच, निथळत, चौकोनांवर ठेवायची. दहा वेळा. चुकीचा लागला की कागदावर रेघ. ऑफिसची व्यवस्था बघणाऱ्या बाईंनी 'टेबलाजवळ द्रवपदार्थ ठेवू नयेत' अशी मेल सगळ्यांना पाठवली, ती कुणासाठी होती हे सगळ्यांना कळलं. अण्णा म्हणाले, "आमचं सॉफ्टवेअर कोण वापरतो? व्हॉल्व्हमन. त्याचा हात कोरडा कधी असतो?"

एकदा ते मला देवनहळ्ळीजवळच्या एका वसाहतीत घेऊन गेले. दोन टॉवर, बाजूला अजून द्राक्षाचे मांडव, डोक्यावरून विमानं. तिथला व्हॉल्व्हमन मुनिअप्पा, पन्नाशीचा, हात सदैव ओला. त्या हाताने त्याने माझ्याशी हस्तांदोलन केलं आणि मी नकळत पँटला हात पुसला. अण्णांनी ते बघितलं. परत येताना, बस महादेवपुऱ्याला आल्यावर म्हणाले, "त्याच्या हाताला पाणी होतं रे. घाण नव्हती."

मुनिअप्पाच्या वसाहतीत दोन प्रकारचे पाइप होते. एकातून स्वयंपाकघराचं पाणी जायचं. दुसऱ्यातून सांडपाणी शुद्ध करून संडासाच्या फ्लशसाठी वर चढवलेलं. शुद्ध हा शब्द माहितीपत्रकातला. मी त्या टाकीचं झाकण उघडून वास घेतलेला आहे आणि त्या दुपारी मला जेवण गेलं नाही. दोन्हींच्या मध्ये एक जोडव्हॉल्व्ह होता. खरं तर तो असायलाच नको होता, पण बांधणाऱ्याने कसल्याशा सोयीसाठी ठेवलेला आणि तो कायम बंद राहायचा. टॅब्लेटवर तो बागेच्या व्हॉल्व्हच्या अगदी शेजारी दिसे, आणि बागेचा व्हॉल्व्ह मुनिअप्पा रोज सकाळी उघडत असे.

आता आमच्या साहेबांबद्दल. ते मुंबईचे, हुद्द्याने व्हाइस प्रेसिडेंट, आणि त्यांना वस्तूपेक्षा वस्तूचा व्हिडिओ जास्त आवडे. नटवीचा व्हिडिओ ते निवड होण्याआधीच चार गिऱ्हाइकांना दाखवून आले होते. व्हॉल्व्ह उघडण्याआधी 'नक्की उघडू का?' असं विचारणारी चौकट आम्ही ठेवली होती, तीही त्यांनी काढायला लावली. एका स्पर्शात काम होतं हे त्यांना जाहिरातीत हवं होतं. नटवीचं हलणं बंद करायची सोय होती, पण ते बंद केलं की ती म्हातारीसारखीच दिसायची. मग व्हिडिओचं काय? असल्या माणसांचा मला तेव्हाही तिटकारा होता. त्यांच्यासमोर मी 'येस सर' म्हणायचो, एवढाच काय तो फरक.

निवडीच्या बैठकीआधी अण्णांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी, स्क्रीन बघायला बंदी. शेवटची चाचणी माझ्यावर आली. मी ती केली, हे आधी सांगतो. वाटीत बोटं बुडवून दहा वेळा बागेचा व्हॉल्व्ह दाबला. म्हातारीत दहाही वेळा तोच लागला. नटवीत सहा वेळा तो लागला आणि चार वेळा, ओलं बोट जरासं घसरून चौकोन सरकल्यामुळे, शेजारचा जोडव्हॉल्व्ह; कागदावर चार रेघा. साहेब मागे उभे होते. "अरे, ओल्या हाताने टॅब्लेट कोण वापरतं? दॅट्स ॲन एज केस," ते म्हणाले, म्हणजे लाखात एखादा प्रसंग, आणि त्याच दमात, "बाय द वे, टीम लीडसाठी तुझं नाव पुढे करतोय मी."

बैठकीच्या आधी अर्धा तास अण्णांचा फोन आला. मागे अक्कांचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, आवाज येत होता. फोन ठेवा म्हणत होत्या.

"ओला हात लावलास?"

"लावला, अण्णा."

"मग?"

"चाललं. बरं चाललं."

मग अण्णा म्हणाले, "तू बघितलंस ना? सरी, ठीक आहे. माझं नाव घाल. मी हो म्हटलं असं लिही."

मी लिहिलं. त्या 'बरं चाललं'ची मला आज जेवढी किळस येते तेवढी जगात कशाचीच येत नाही, त्या टाकीच्या वासाचीही नाही. धमकी नव्हती, नोकरी जात नव्हती. एका फुटकळ हुद्द्यासाठी मी पट्टी बांधून बसलेल्या माणसाशी खोटं बोललो.

अण्णा दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन उरकून परत आले तेव्हा नटवी नुकतीच देवनहळ्ळीत नांदायला गेली होती आणि अण्णांना साहेबांनी दुसऱ्या कामावर टाकलं होतं. एकदा जेवताना त्यांनी विचारलं, "वागतीय ना नीट?" मी तोंडात घास असल्याचा फायदा घेऊन मान हलवली.

त्याच आठवड्यात एके सकाळी त्या वसाहतीतून फोन सुरू झाले. पहिल्या बाईंनी सांगितलं, चहाला वास येतोय. दुसऱ्या घरात तोंड धुताना कळलं. तिसऱ्या घरात कळलंच नाही, कारण पाणी गाळून, उकळून, त्यात तान्ह्या मुलाचं दूध कालवलं होतं. दोन्ही टॉवरच्या स्वयंपाकघरांत फ्लशचं पाणी आलं होतं. दुपारपर्यंत पोरं ओकत होती, म्हातारी माणसं दवाखान्यात. जिवावर कुणाच्या बेतलं नाही, हे आमचं नशीब. मी तिथे पोहोचलो तेव्हा जिन्यात घरोघरची भांडी काढून ठेवली होती आणि एक बाई आपल्या नळाखाली हात धरून नुसती रडत होती.

आमच्या यंत्रात नोंद होती: जोडव्हॉल्व्ह उघडला, वेळ पहाटेनंतरची, उघडणारा मुनिअप्पा. साहेब म्हणाले, "लॉग खोटं बोलत नाही." खरं होतं ते. चौकोन सरकला, हे लॉगमध्ये लिहायची सोयच आम्ही केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी वसाहतीच्या क्लबहाउसमध्ये कमिटी बसली. मुनिअप्पाला काढायचं, पोलिसात द्यायचं की नाही, एवढाच प्रश्न होता. साहेबांनी अण्णांना कन्नड बोलायला म्हणून आणलं होतं. मुनिअप्पा दाराशी उभा, हात पाठीमागे. बागेचाच दाबला साहेब, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता, आणि आता त्याचा स्वतःवरही विश्वास राहिला नव्हता, हे त्याच्या आवाजावरून कळत होतं. अण्णांनी त्याचा टॅब्लेट मागून घेतला. व्हॉल्व्हची वीज तोडली आहे ना, हे विचारून घेतलं. मग अध्यक्षांसमोरच्या पाण्याच्या ग्लासात बोटं बुडवली आणि बागेचा व्हॉल्व्ह दाबला. तिसऱ्या वेळी चौकोन अंग चोरून सरकला आणि जोडव्हॉल्व्ह हिरवा झाला, म्हणजे 'उघडला'. पाचव्या वेळी पुन्हा. सातव्या वेळी पुन्हा. अण्णांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी बिस्किटांच्या बशीकडे बघत होतो.

"ह्या माणसानं बरोबरच दाबलं होतं," अण्णा कन्नडात म्हणाले. "हे निवडलं त्या कागदावर माझं नाव आहे. ओल्या हातानं बघायचं काम माझं. मी दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघितलं. चूक माझी आहे. ह्याला काढू नका."

मी बशीतलं एक बिस्कीट उचललं. साहेबांनी लगेच इंग्रजीत सावरासावर केली. मुनिअप्पाची नोकरी राहिली. अण्णांकडून आठवड्याच्या आत राजीनामा मागून घेतला गेला. नटवीच्या जागी गुपचूप म्हातारी बसवली आणि पुढच्या सादरीकरणात साहेबांनी ती आपली दूरदृष्टी म्हणून दाखवली. टीम लीडची जागा मला मिळाली, हेही इथे सांगायलाच हवं.

तीन आठवड्यांनी मी जयनगरला गेलो. अण्णा भावाच्या दुकानात बसले होते. एका गिऱ्हाइकाला डब्याचं झाकण घट्ट बसतं की नाही ते दाखवत होते. डब्यात पाणी भरून तो उलटा धरला होता. गिऱ्हाईक गेल्यावर मी सगळं सांगितलं. चार रेघांचा कागदही दाखवला, तो मी फाडला नव्हता. अण्णांनी तो हातात घेतला नाही.

"मला फोनवरच कळायला पाहिजे होतं," ते म्हणाले. "बरं चाललं म्हणालास. ज्यानं खरं बघितलंय तो बरं म्हणत नाही, दहात किती ते सांगतो. माझीच चूक ती. माया लागली की असं होतंय."

"क्लबहाउसमध्ये माझं नाव का नाही घेतलंत, अण्णा?"

"तू बोलशील म्हणून थांबलो. नंतरही थांबलो. आज आलास."

मी म्हटलं, "माझं चुकलं. मला माफ करा."

"मी काय करू तुझ्या माफीचं?" अण्णा म्हणाले. रागावले नव्हते, म्हणूनच ते जास्त लागलं. "मी ते पाणी प्यालो नाही. तिथं नोटीसबोर्डावर काय लावलंय बघितलंस? कर्मचाऱ्याच्या हलगर्जीमुळे, असं. तुमच्या साहेबानं आणि कमिटीच्या सेक्रेटरीनं मिळून लिहिलंय. नोकरी ठेवली आणि नाव घालवलं त्याचं. माझं तिथं आता कोण ऐकतंय? बघितलं तू होतंस. तू जा."

एवढं बोलून ते दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. मी थोडा वेळ उभा राहिलो. चहा विचारतील असं वाटलं. त्यांनी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून देवनहळ्ळीची बस धरली. मुनिअप्पा पंपघरात होता. माझ्या मोडक्यातोडक्या कन्नडात मी त्याला सांगितलं: मला माहीत होतं, मी आधी बघितलं होतं, दहात चार वेळा चुकतं हे मला ठाऊक होतं आणि मी लपवलं. तो हातातला पाना पुसत राहिला. मग म्हणाला की त्या दिवसानंतर तो दोन्ही टॉवरच्या प्रत्येक घरी हात जोडून आला होता. आपल्याच हातून झालं, असं समजून. काही जणांनी दार उघडलं नाही. काही जण आता लिफ्टमध्ये तो शिरला की बाहेर पडतात.

"तुम्ही याल?" त्याने विचारलं. "प्रत्येक घरी?"

मी हो म्हटलं.

पहिल्या मजल्यावरच्या पहिल्या घराची बेल त्याने वाजवली आणि मला पुढे करून तो बाजूला उभा राहिला. दार एका आजीबाईंनी उघडलं. मुनिअप्पाला बघून त्यांचा चेहरा आक्रसला. वाटेत घोकत आलेली दोन वाक्यं मी म्हटली. माझं कन्नड त्यांना नीट कळलं नसावं, कारण त्यांनी मला ती पुन्हा म्हणायला लावली. दुसऱ्यांदा म्हणणं जास्त अवघड होतं. त्या ऐकत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता त्या मुनिअप्पाला म्हणाल्या, "आत ये बाबा. कॉफी घे."

त्याने चपला काढल्या आणि तो आत गेला. दार अर्धं उघडं होतं. आतून कपबशांचा आवाज आला, आजीबाई काहीतरी विचारत होत्या, तो हळूहळू उत्तरं देत होता. मी बाहेर उभा होतो. मला आत या असं कुणी म्हटलं नाही. थोड्या वेळाने मी शेजारच्या दाराशी गेलो आणि बेल वाजवली.